नवी छोटी हायब्रिड गाडी: पहिल्या काही हजार किलोमीटरचे अनुभव

नुकतीच छोटी हायब्रिड घेतलेल्यांनी इथे लिहावं. रंग, सीटकव्हर, स्क्रीन केवढी हे नको, ते माहितीपत्रकात असतंच. मायलेज कसं मोजलंत, कोणता आवाज कशाचा, काय अडलं आणि का अडलं, तेवढं हवंय. गाडी कोणत्या जातीची हायब्रिड आहे तेही सांगा, नाहीतर एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडायचं नाही.

हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड. तिच्या जाती ढोबळमानाने अशा. माइल्डमध्ये बेल्टवरची एक मोटर इंजिनाला हातभार लावते, नुसत्या मोटरवर गाडी चालत नाही. यारिससारख्या टोयोटात दोन मोटरी आणि इंजिन एका प्लॅनेटरी गिअरमध्ये (एकाभोवती एक फिरणाऱ्या दातेरी चाकांच्या संचात) गुंफलेली असतात. क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटरही नाही. होंडा जॅझच्या हायब्रिडमध्ये इंजिन बहुतेक वेळ जनरेटर फिरवतं आणि हायवेवरच्या एकसारख्या वेगात क्लच लागून थेट चाकांना जोडलं जातं. निस्सान नोट ई-पॉवरमध्ये ते चाकांना कधीच जोडलेलं नसतं. खालची चर्चा या शेवटच्या तीन जातींची, म्हणजे फुल हायब्रिड गाड्यांची.

*

मायलेजचा आकडा टाकायचा तर आधी मोजण्याची पद्धत ठरवू. पंपाचा नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडला की थांबायचं, वर अजून थोडं कोंबायचं नाही. शक्यतो तोच पंप, गाडी त्याच बाजूने उभी. ट्रिप मीटर शून्यावर. पुढच्या वेळी तसंच भरून किलोमीटर भागिले लिटर. उदाहरणार्थ ६१२ किमीला २७.३ लिटर लागलं, तर २२.४ किमी प्रति लिटर. स्क्रीन त्याच वेळी २३.६ दाखवत असेल तर ती साधारण ५ टक्के फुगवून सांगते आहे. यात खोटेपणा काही नाही, तो अंदाज आहे.

या गाड्यांच्या टाक्या लहान. २७ लिटरमध्ये अर्धा लिटर इकडचा तिकडे झाला की उत्तर २ टक्क्यांनी हलतं. म्हणून एका टाकीवरून निकाल लावू नका, निदान पाच टाक्यांची बेरीज करा. पहिली टाकी तर हिशेबातच धरू नका, कारण डिलिव्हरीच्या वेळी ती किती भरली होती ते कोणालाच ठाऊक नसतं.

आणि प्रवास किती लांबीचा तेही लिहा. थंड इंजिन सुरुवातीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) आणि कूलंट तापवायला चालतं, बॅटरी भरलेली असली तरी. रोजचा फेरा ३ किमीचा असेल तर त्यातला मोठा भाग या तापवण्यातच जातो. तीच गाडी, तोच चालक, १५ किमीच्या फेऱ्यात एकदम शहाण्यासारखी वागते.

*

नुसत्या मोटरवर चालताना लागणारा हिरवा ईव्ही दिवा पेटता ठेवण्याचं वेड पहिल्या महिन्यात बहुतेकांना लागतं. मागच्यांचे हॉर्न ऐकत मुंगीच्या पावलाने निघायचं, का, तर इंजिन सुरू होऊ नये. याने पेट्रोल वाचत नाही. बॅटरीतली वीज आली कुठून? थोडी ब्रेकमधून, बाकीची इंजिनानेच तयार केलेली. पेट्रोलमधून वीज, वीज बॅटरीत, बॅटरीतून मोटर: प्रत्येक पायरीवर गळती. ही बॅटरी असतेही इवलीशी, छोट्या गाडीत अनेकदा १ किलोवॅट-तासाच्या आतबाहेर.

जे जमतं ते असं: सिग्नल सुटला की डॅशबोर्डवरच्या पॉवर मीटरचा काटा ईको पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात जाईल इतकं दाबून सरळ हव्या त्या वेगाला पोचा. इंजिन चालू झालं तर होऊ द्या, त्या भारावर ते सर्वात किफायतशीर चालतं. मग पाय पूर्ण काढा, इंजिन बंद होईल. आता पाय अगदी अलगद परत ठेवा, काटा शून्याच्या किंचित वर येईपर्यंत. वेग टिकवण्याचं काम मोटर करते. पाय पूर्ण उचललेलाच ठेवलात तर काटा चार्जिंगकडे जातो, म्हणजे गाडी विनाकारण अडवली जाते आणि नंतर तोच वेग पुन्हा विकत घ्यावा लागतो. हे पायाला कळायला दोन-तीन आठवडे लागतात. ईव्ही बटण पार्किंगमधून गाडी बाहेर काढण्यापुरतं वापरा.

*

आवाजांची यादी, कारण सर्व्हिस सेंटरला फोन बहुधा याच्यासाठी जातात.

दार उघडल्यावर गाडी बंद असतानाही बॉनेटखालून दोन सेकंद घर्रर्र: ब्रेकचा पंप दाब तयार करतो आहे. बिघाड नाही.

मागच्या सीटजवळ पंख्याची सरसर: हायब्रिड बॅटरी थंड होते आहे. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत जास्त.

चढावर इंजिन एकदम किंचाळतं आणि वेग मात्र सावकाश वाढतो: गिअर बदलत नाहीत, मागणी वाढली की इंजिनाचे फेरे थेट वर जातात. त्यातून ही इंजिनं ॲटकिन्सन पद्धतीची. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे कमी फेऱ्यांत इंजिनाला जोर कमी, ती उणीव मोटर भरून काढते. तीन सिलिंडर असतील तर उभ्या गाडीत इंजिन सुरू होतानाचा झटका स्टिअरिंगवर जाणवतोच. तो जाणार नाही, त्याची सवय होते.

वेग २० किमीच्या खाली असताना गाडीबाहेर ऐकू येणारं गुंजन: पादचाऱ्यांसाठीचा मुद्दाम सोडलेला आवाज. युरोपात जुलै २०२१ पासून सगळ्या नव्या हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांना तो सक्तीचा आहे. तरीही पार्किंगमध्ये माणसं पाठमोरी चालत राहतात, हे धरूनच चालवा.

*

मोठ्या बॅटरीची काळजी सगळे करतात, गाडी अडते ती बारक्या १२ व्होल्टच्या बॅटरीपायी. स्टार्टर फिरवायचं काम तिच्याकडे नसतं, म्हणून ती मुळातच लहान बसवतात. तिचं काम कॉम्प्युटर जागे करायचे आणि मोठ्या बॅटरीचे रिले (विजेचे स्विच) जोडायचे. ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी म्हणजे पत्र्याचा डबा.

ती उतरते कशाने: गाडी आठवडेच्या आठवडे उभी, पार्किंग मोडवरचा डॅशकॅम, ओबीडी सॉकेटला (गाडी तपासायचा स्कॅनर जोडायची जागा) कायमचं लावलेलं ब्लूटूथ यंत्र, आणि गाडी रेडी (चालायला तयार, डॅशबोर्डवर रेडी दिवा) न करता नुसत्या ॲक्सेसरीवर गाणी ऐकत बसणं. चार्जिंग फक्त रेडी दिवा लागल्यावरच होतं. गाडी वापरात नसेल तर आठवड्यातून एकदा ब्रेक दाबून रेडी करा, पीमध्ये (पार्क) ठेवा, तासभर राहू द्या. एनमध्ये (न्यूट्रल) ठेवू नका, एनमध्ये मोठी बॅटरी चार्ज होत नाही.

उतरल्याची लक्षणं: रिमोट दाद देत नाही, डॅशबोर्डवर एकाच वेळी डझनभर इशारे, रिले टकटक करतात पण रेडी येत नाही. डझनभर इशारे पाहून घाबरू नका, आधी १२ व्होल्ट मोजा. गाडी बंद करून काही तास झाल्यावर १२.५ च्या आसपास हवं. १२ च्या खाली असेल तर निदान झालं.

एक गंमत. बऱ्याच गाड्यांत ही बॅटरी मागे असते आणि डिकीचं कुलूप विजेवर. म्हणजे बॅटरी मेली की बॅटरीपर्यंत पोचता येत नाही. त्यासाठी पुढे फ्यूजबॉक्समध्ये लाल झाकणाखाली जंपस्टार्टचं टोक दिलेलं असतं. रिमोटमधली लपलेली किल्ली काढून दार उघडा, बॉनेटचा खटका ओढा, लाल वायर त्या टोकाला, काळी इंजिनाजवळच्या उघड्या धातूला. गरज पडण्याआधीच एकदा मॅन्युअल घेऊन ही जागा बघून ठेवा. आणि आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याची गाडी जंपस्टार्ट करून देऊ नका, त्या गाडीचा स्टार्टर जेवढा करंट ओढतो तेवढा द्यायला ही यंत्रणा बनलेली नाही.

*

ब्रेकबद्दल. हलका पाय असेल तर गाडी मोटरनेच थांबते, चाकाची डिस्क दाबणारे ब्रेक पॅड शेवटच्या काही मीटरला लागतात. हस्तांतर साधारण १० किमी वेगाच्या आसपास होतं आणि तिथे पहिले काही दिवस ब्रेक चिकटल्यासारखा वाटतो. खड्ड्यावरून जाताना ब्रेक दाबलेला असेल तर क्षणभर गाडी पुढे निसटल्यासारखी वाटते: चाक उसळलं, पकड गेली, कॉम्प्युटरने मोटरचं ब्रेकिंग सोडलं आणि पॅडकडे काम दिलं. अशा वेळी पाय काढू नका, दाब कायम ठेवा.

पॅड खूप टिकतात हे खरं, पण डिस्क गंजतात, विशेषतः मागच्या. आठवड्यातून एकदा मोकळ्या, सपाट रस्त्यावर ५० च्या वेगात एनमध्ये टाकून चांगला दाबून ब्रेक लावा, मग परत डीमध्ये (ड्राइव्ह). एनमध्ये मोटर वीज परत घेत नाही, सगळं काम पॅड करतात आणि गंज घासला जातो.

घरी पॅड बदलणाऱ्यांना ताकीद: गाडी बंद असली तरी कोणी दार उघडलं की वर सांगितलेला पंप दाब देतो. तेव्हा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) उघडा असेल तर पिस्टन बाहेर येईल, बोट मध्ये असेल तर चेंगरेल. रिमोट लांब ठेवा, १२ व्होल्टचं निगेटिव्ह काढा, काही मिनिटं थांबा, मग हात घाला. ब्रेक ऑइल बदलायला स्कॅनर लागतो, पायाने पंप मारून हवा काढायची जुनी पद्धत इथे चालत नाही. मोठ्या बॅटरीच्या केशरी वायरींना अजिबात हात नाही.

*

एसीचा प्रश्न विचारला जातोच. या फुल हायब्रिडांत कंप्रेसर मोठ्या बॅटरीवर चालतो, त्यामुळे सिग्नलला इंजिन बंद असतानाही हवा गारच राहते. पण उन्हात उभ्या गाडीत बॅटरी उतरत जाते आणि दर काही मिनिटांनी इंजिन स्वतःहून सुरू होतं. हा दोष नाही.

बॅटरीला हवा केबिनमधूनच मिळते. मागच्या सीटच्या खाली किंवा बाजूला जाळी असते, तिथे पिशवी, चादर, बॅग टेकवू नका. आत बहुधा फिल्टर असतो. घरात कुत्रं-मांजर असेल तर केसांनी तो सर्व्हिसच्या आधीच तुंबतो. दोन क्लिपा काढल्या की निघतो, कोरड्या ब्रशने झटकायचा.

*

लांब घाट उतरताना बॅटरी पूर्ण भरली की आणखी वीज घ्यायला जागा उरत नाही. मग गाडी इंजिन पेट्रोलशिवाय नुसतंच फिरवून वेग अडवते. आवाज मोठा येतो, मायलेजचं काही बिघडत नाही. टोयोटातला बी मोड (गिअरच्या दांड्यावरचं बी) यासाठीच आहे. तिथे सपाटीवर बीमध्ये चालवून जास्त वीज मिळते हा गैरसमज, तोटाच होतो.

*

हायवेवाल्यांची निराशा होणार, हे आधीच सांगितलेलं बरं. ताशी ११०-१२० ला ब्रेक लावायची वेळच येत नाही, वीज परत येत नाही, वाऱ्याचा विरोध सगळं खातो. हायब्रिडची कमाई शहरात. ज्यांचं बहुतेक चालवणं मोकळ्या हायवेवर आहे त्यांनी दुसऱ्याचा शहरातला आकडा पाहून गाडी घेऊ नये. टायरची हवा मात्र दोन्हीकडे महत्त्वाची: थंड टायरमध्ये, दाराच्या खांबावरच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढी, महिन्यातून एकदा.

*

गाडी रेडीत सोडून उतरणं हा सगळ्यात धोकादायक विसर. आवाज नाही, माणूस दार लावून जातो. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं. बंद गॅरेजमध्ये याचा अर्थ कार्बन मोनॉक्साइड. काही गाड्या ठरावीक वेळाने स्वतः बंद होतात, सगळ्या नाही. उतरण्याआधी पी, बटण, आणि डॅशबोर्ड काळा झालेला डोळ्यांनी बघायचा. बॉनेट उघडतानाही तेच.

*

सुटं सुटं:

पहिले १००० किमी एकाच वेगात तासन्‌तास नको, पूर्ण दाबणं नको. नवे ब्रेक आणि टायर बसेपर्यंत, म्हणजे पहिले ३०० किमी, करकचून ब्रेक टाळा.

इंजिन ऑइल मॅन्युअलमध्ये असेल तेच. नव्या इंजिनांना ०डब्ल्यू-१६ सारखं पाण्याइतकं पातळ लागतं. जाड टाकून इंजिनाचं भलं होत नाही. रोजचे प्रवास फार छोटे असतील तर डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघत जा. पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर ऑइल लवकर बदला, कारण न तापलेल्या इंजिनात पेट्रोल खाली उतरतं.

इन्व्हर्टरच्या (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलणारा भाग) कूलंटची टाकी बऱ्याच गाड्यांत वेगळी असते, ती इंजिनाची समजू नका. तिच्यात नळाचं पाणी कधीच नको.

पेट्रोल संपेपर्यंत चालवू नका. संपल्यावर बॅटरीवर पुढे रेटलंत आणि तीही उतरली, तर पेट्रोल ओतूनही इंजिन फिरवायला ताकद उरत नाही, मग टो करणं आलं. पुढची चाकं चालणारी गाडी असेल तर ती चाकं उचलूनच.

स्टेपनी आहे का ते डिकीचा तळ उचलून बघा. अनेकांत नसते, कंप्रेसर आणि पंक्चरच्या द्रावाची बाटली असते. त्या बाटलीवर मुदतीची तारीख असते.