पांढरा पडला म्हणजे मेला नाही, आधी दिवा कमी करा

भाऊ, घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला प्रवाळ पांढरा पडला म्हणून तुम्ही दिवा वाढवलात, तो आजच कमी करा. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. प्रवाळाचं बहुतेक अन्न हे शैवालच बनवतं आणि बराचसा रंगही शैवालाचाच. पाणी तापलं आणि वर प्रखर उजेड असला की शैवालात ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात, मग प्रवाळ त्याला बाहेर टाकतो. पारदर्शक मांसातून पांढरा सांगाडा दिसतो, पण जीव अजून असतो. उपासमार लांबली की मरतो.

आमच्या वणीकडे मे महिन्यात दुपारी लाईन गेली की टाकी ३२ अंशांवर जाते. २५-२६ हवं. पाण्यावर पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात. मात्र बाष्पीभवनाने क्षारांचं प्रमाण वाढतं, म्हणून कमी झालेलं पाणी भरून काढायचं ते आरओच्या गोड्या पाण्याने, खाऱ्या नाही. बोअरचं पाणी तर नकोच. शेताकडच्या बोअरमध्ये नायट्रेट असतं. माझा एक प्रवाळ त्यानेच गेला असावा, अजून हळहळ वाटते.

मांस गळून सांगाड्यावर हिरवी शेवाळ धरली, तर मात्र तो भाग गेला.