टाकीतला सकर मासा नदीत सोडला तर चालेल का?

बोटभर होता तेव्हा आणला, दुकानदार म्हणाला काचेवरचं शेवाळ खातो, टाकी साफ राहते. आता दीड फूट झालाय, रात्रभर खडे उकरतो, बाकीचे मासे कोपऱ्यात. मारायचा तर जीव होत नाही. नदीत सोडावा म्हणतोय, तिथंही शेवाळच खाईल ना?

काठावरचा:
नको रे बाबा. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, ॲमेझॉन-ओरिनोकोकडचा, आणि बाहेरच्या नद्यांत शिरलाय तो बहुतेक असाच, कुणाच्या तरी टाकीतून नाहीतर शोभेच्या माशांच्या तळ्यातून. शेवाळ खातो खरं, पण तेच खाऊन जगणारे तिथले मासे आहेत की आधीचे, त्यांनी काय खायचं? वर अंडी घालायला काठाच्या मातीत हातभर लांब बिळं करतो, नर आत राखण करत बसतो, मग पाणी उतरलं की पोखरलेला काठ ढासळतो.

खेकडा७:
एका माशाने काय होणार, बगळे खातील की. उगाच बाऊ.

काठावरचा:
गिळून दाखवू दे बगळ्याला. अंगभर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत, भीती वाटली की परांचे काटे ताठ करतो. पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला तर वर येऊन हवा गिळतो, जठरातून श्वास घेतो, म्हणून जिथं बाकीचे मरतात तिथं हा टिकतो. आणि सगळे एकेकच सोडतात ना? २०२० मध्ये वाराणसीला गंगेत सापडला तो काय ॲमेझॉनमधून पोहत आला?

डोहकरीण:
मेक्सिकोत इन्फिएर्निलो धरणात तिलापियाची केवढी मासेमारी चालायची, हे सकर वाढले आणि जाळ्यात हेच यायला लागले, जाळी फाटायची ती वेगळीच आणि विकत कोण घेणार. (तिलापिया पण तिथं बाहेरूनच आणलेला, ते एक असो.) फ्लोरिडात तर थंडीत उबदार झऱ्यांवर येणाऱ्या मॅनेटी नावाच्या मोठ्या, संथ पाणप्राण्यांच्या अंगाला चिकटून शेवाळ खातात, त्या बिचाऱ्यांना स्वस्थ पडू देत नाहीत.

प्रश्नकर्ता:
बरं नाही सोडत. मग करू काय? हौदात टाकू?

काठावरचा:
आधी दुकानदाराला विचार परत घेतो का, नाहीतर मोठी टाकी असलेला कुणी बघ. हौद चालेल, पण पावसात भरून नाल्याला मिळत नसेल तरच, असेच तर निसटतात.

प्रश्नकर्ता:
मिळतो ना. दुकानात फोन करतो उद्या.