कारखाने हलवा म्हणे! कुपवाडात आधी कोण आलं होतं?

लेथवाला:
काल रात्रीपासून तीन ग्रुपांवर एकच मजकूर येऊन पडलाय. लिहिणाऱ्यानं नाव टाकलेलं नाही, पण सांगलीच्या विकासाची फार तळमळ दिसते बिचाऱ्याला. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: कुपवाडची एमआयडीसी आता शहराच्या पोटात आली, धुरानं आणि ट्रेलरनं लोक हैराण झालेत, तेव्हा हे कारखाने लांब कुठंतरी माळावर हलवावेत आणि त्या जागी बिझनेस पार्क, आयटी, मोठाली शोरूम आणावीत. म्हणजे पोरं पुण्याला जायची थांबतील.

दोन ओळी खरडून गप बसणार होतो. झोपच लागेना, म्हणून सविस्तर.

वडिलांनी प्लॉट घेतला तेव्हा आजूबाजूला बाभळी होत्या. कामगार मिरजेतून सायकलीवर यायचे आणि अंधार पडायच्या आत परत जायचे. शहर चालत आमच्या दारात आलं, आम्ही शहरात घुसलेलो नाही. एमआयडीसी महामंडळ १९६२ चं, महापालिका १९९८ ची. वयं मोजा.

आणि हलवा म्हणजे काय हलवा? लेथ म्हणजे काय कपाट आहे? पाया फोडायचा, मशीन उचलायचं, नव्या पायावर बसवायचं, लेव्हल करायची, त्यानंतर पुढं महिनाभर माप हाताला लागत नाही. तेही सोडा. माझ्याकडं पंपाचं कास्टिंग येतं ते समोरच्या फौंड्रीतून. पॅटर्नवाला मागच्या गल्लीत. हीट ट्रीटमेंट दोन शेड सोडून. प्लेटिंगला छोटा हत्ती दहा मिनिटांत जाऊन येतो. चाळीस वर्षांत हे सगळं आपोआप जुळलंय, कुठल्या साहेबानं ते नकाशावर काढलेलं नव्हतं. यातला एक जरी तीस किलोमीटर लांब गेला तरी ऑर्डर कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीला गेलीच समजा.

वर आमची गंमत बघा. सेवा शुल्क एमआयडीसीला भरायचं, घरपट्टी महापालिकेला. रस्त्यातला खड्डा कुणाचा विचारलं की दोघं एकमेकांकडं बोट करतात. जकात भरली, तिच्या जागी आलेली एलबीटी (स्थानिक संस्था कर) भरली, ती ५० कोटींच्या आत उलाढाल असणाऱ्यांना २०१५ च्या ऑगस्टात माफ झाली तेव्हा कुठं श्वास घेतला. आता म्हणे जागा सोडा.

तुळसवाली:
दादा, तुमचं 'आधी कोण आलं' म्हणजे एसटीतल्या रुमालासारखं झालं. रुमाल टाकला म्हणून सीट तुमची, मान्य. शेजारच्याच्या मांडीवर पाय ठेवायचा हक्क त्यात येत नाही.

आम्ही सावळीच्या रस्त्याला राहतो. गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंनी गच्चीवर कुरडया घातल्या. संध्याकाळी उचलायला गेले तर प्रत्येकीवर काळी पूड, तीळ पेरल्यासारखी. सगळ्या टाकल्या. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, जणू मीच धूर सोडला होता. धाकट्याच्या दप्तरात डब्याबरोबर दम्याचा पंप असतो. बोअरच्या पाण्याला वास येतो, टँकरवाला स्वतःच म्हणाला, ताई, भांडी घासा, पिऊ नका. आणि रात्री अकराला कुठल्या तरी शेडात ग्राइंडर लावतात त्याचं काय?

तुम्ही स्वतः राहता कुठं? विश्रामबागेत ना?

लेथवाला:
वारणालीत.

तुळसवाली:
तेच ते. शेड कुपवाडात, गच्ची वारणालीत.

हिंजवडीकर_सांगलीकर:
मूळ मजकुराची भाषा चुकली असेल, मुद्दा चुकला नाही. आमच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या बॅचमधले किती जण सांगलीत आहेत? दोन. एकाचं वडिलांचं मेडिकल, दुसरा क्लास घेतो. कॉलेज १९४७ चं, आणि इतक्या वर्षांत तिथल्या पोरांसाठी गावानं काय उभं केलं? माझे आईवडील इथं एकटे, मी तिकडं. लेथवर किती पोरं लागणार तुमच्या?

लेथवाला:
माझ्याकडं अकरा. अकराही आयटीआयची, सगळी रात्री घरी जेवतात. तुमचं बोला.

आणि हिंजवडी पण एमआयडीसीच आहे हे विसरू नका. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीत. आधी इमारती उठल्या, रस्ते अजून रुंद होतायत. पावसाळ्यात तिथले फोटो तुम्हीच टाकता. तेच आता कुपवाडात हवंय का?

हिंजवडीकर_सांगलीकर:
फोटोचा मुद्दा मान्य. पगाराचा फोटो टाकत नाही, एवढंच.

भावड्या_कवलापूर:
एवढं टायपिंग कशाला करायलाय? कवलापूरला विमानतळ होऊ द्या, सगळे प्रश्न सुटतात. धावपट्टीची जागा आहे, फक्त इच्छाशक्ती पाहिजे.

नकाशेवाला:
मूळ मजकूर लिहिणारा आणि इथं भांडणारे, दोघांनाही एक प्राथमिक गोष्ट ठाऊक नाही. एमआयडीसीच्या हद्दीत नियोजन प्राधिकरण एमआयडीसीच असते. महापालिकेचा विकास आराखडा कुंपणापाशी थांबतो. आतले बांधकाम परवाने तिकडून, प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. महापालिका हलवणार कुणाला? शिवाय सावळी, बामणोली या ग्रामपंचायती, त्या महापालिकेत नाहीतच. धूर एक, मालक तीन.

खरी भीती वेगळी आहे. कुंपणाबाहेर जी खासगी जागा औद्योगिक विभागात दाखवलेली असते, ती काही अटींवर रहिवासात नेता येते. आमच्यात त्याला 'आय टू आर' म्हणतात. २०२० च्या एकत्रित नियमावलीतही ती तरतूद आहे. असे मजकूर कुणाच्या सोयीसाठी फिरतात, तुम्हीच ओळखा.

आता ताईंचे. कारखाना आणि घर यांच्यामध्ये मोकळा पट्टा ठेवायचा असतो. तिथे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे पाडून विकले गेले, तुम्ही ते घेतले. दोष धुराचा कमी आणि गुंठेवारीचा जास्त आहे.

तुळसवाली:
म्हणजे दम्याचा पंप गुंठेवारीमुळं लागला?

हळद_अडत:
नकाशेवाले काका, मी मधे पडणार नव्हतो, पण गुंठेवारी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

आम्ही मूळचे नदीकाठच्या गावभागातले. २००५ ला हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांत, पाणी शिरलं, हळद कुजली. वडील आठवडाभर जेवले नाहीत. घरात छातीभर पाणी होतं. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ५७ फूट! धोक्याची पातळी किती? ४५. २०२१ ला परत. पुराच्या निळ्या रेषेत बांधू नका म्हणता, लाल रेषेत अटी घालता. मग बांधायचं कुठं? उंचावर. उंचावर काय आहे? कुपवाड. एनए प्लॉट परवडतो कुणाला? दोन गुंठे परवडतात. म्हणून दोन गुंठे घेतले. पाण्यातून जीव वाचवून वर आलो तर तुम्ही सांगताय, वर पण बेकायदा!

नकाशेवाला:
भावना समजू शकतो. पण कायदा बघा. २००१ चा गुंठेवारी कायदा आला तेव्हा १ जानेवारी २००१ पूर्वीचे तुकडे नियमित करायचे ठरले होते. एकदाच. पुढे तीच तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ओढली. वीस वर्षांनी माफी मिळते हे कळल्यावर पुढचा माणूस तुकडे पाडायला थांबेल कशाला?

हळद_अडत:
आणि आराखडा वीस-वीस वर्षं हलत नाही, त्याला कोण माफी देतंय? आम्ही तोपर्यंत तंबूत राहायचं का?

गल्लीतला_गण्या:
आमच्या गल्लीत फक्त सहा फुटांचा रस्ता आहे. आजोबांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा रुग्णवाहिका आत आली नाही, खाटेवरून उचलून न्यावं लागलं. नियमित करायचे पैसे भरले, पावती आहे. रस्ता सहा फुटांचाच. पावती रुंद झाली फक्त.

हळद_अडत:
बघा. हाच माणूस बेकायदा ठरतो आणि ज्यानं सहा फूट सोडून बाकी सगळं विकलं तो दुसऱ्या शेतावर तुकडे पाडायला मोकळा.

नकाशेवाला:
विकणाऱ्याबद्दल मी अवाक्षर चांगले बोललेलो नाही. घेणाऱ्यानेही सात-बारा बघायचा असतो एवढेच म्हणतो. अडीच लाखांत दोन गुंठे मिळतात तेव्हा काहीतरी गडबड आहे हे हळदीचा भाव कळणाऱ्याला कळत नाही?

हळद_अडत:
काका, तोंड सांभाळा. तुम्ही ट्रेसिंग पेपरवर आरक्षणं काढत होतात ना? मग सांगा, एकाच्या शेतावरचं मैदान रातोरात दुसऱ्याच्या शेतावर कसं जातं? पेन घसरतं का?

नकाशेवाला:
मी तीस वर्षे पेन चालवले, घसरू दिले नाही. आरोप करायचा असेल तर नावानिशी करा.

भावड्या_कवलापूर:
शांत व्हा. कवलापूरला विमानतळ असता तर...

लेथवाला:
भावड्या, गप.

काका, अडतदादा, विषय माझ्या शेडचा होता, तुम्ही तो नदीपात्रात नेलात. पण एक विचारतो. ट्रेलर उभे करायला जागाच नाही, म्हणून ते लोकांच्या दारात उभे राहतात. ट्रक टर्मिनलचं आरक्षण कुठं गेलं? जिकडं तिकडं तेच. शंभर फुटी रोडवर बघा, अर्धा रस्ता गॅरेजनं खाल्लाय.

हळद_अडत:
ते मला विचारा. आमच्या मेव्हण्याची साडेतीन एकर ट्रक टर्मिनलच्या आरक्षणात अडकली होती. दहा वर्षं ना पैसा, ना विक्री, ना त्यावर कर्ज. मुलीच्या लग्नाला गळ्यापर्यंत आला होता. शेवटी वकिलानं नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस दिली. मुदतीत कुणी एक कागद हलवला नाही, आरक्षण रद्द. कायद्यानं सुटली जमीन. काका, आता यात काय बेकायदा?

नकाशेवाला:
काहीच नाही. दहा वर्षांत संपादन झाले नाही तर मालकाला नोटीस देता येते आणि त्यानंतर २४ महिने असतात. आधी १२ होते, २०१५ ला वाढवले. २४ महिन्यांत एक प्रस्ताव तयार होत नाही, हे मीही टेबलाच्या अलीकडून पाहिले आहे. त्या वेळी बोललो नाही. तेवढे लिहून ठेवतो.

तुळसवाली:
थांबा थांबा. अडतदादा, त्या जागेवर आता काय आहे?

हळद_अडत:
मंगल कार्यालय. लॉनसकट.

तुळसवाली:
म्हणजे माझ्या फाटकात जे ट्रेलर उभे असतात ते मेव्हण्याच्या लॉनवर उभे राहणार होते!

गल्लीतला_गण्या:
😂😂 ताई, पुढच्या लग्नसराईत ट्रेलर घेऊनच जावा आहेराला.

हळद_अडत:
चेष्टा करा. साडेतीन एकर तुमची अडकली असती तर कळलं असतं. तुम्हाला धूर आला, आम्हाला नदी आली, मेव्हण्याला आरक्षण आलं. ज्याच्या वाट्याला जे आलं ते त्यानं कायद्यात बसवलं.

तुळसवाली:
माझं कुठल्या कायद्यात बसतं सांगा, मी बसवते.

नकाशेवाला:
प्रदूषण मंडळाकडे तक्रार. कारखान्याच्या संमतीपत्रात कशाला परवानगी आहे ते लिहिलेले असते. फौंड्री असेल तर धूर पकडायची यंत्रणा चालू आहे की फक्त तपासणीच्या दिवशी चालू होते, ते विचारा. रात्रीच्या आवाजालाही मर्यादा ठरलेली आहे. गुंठेवारीत राहता म्हणून हा हक्क जात नाही. हे मी आधी म्हणायला हवे होते.

तुळसवाली:
काका, एवढं सरळ आधीच लिहिलं असतं तर पन्नास मेसेज वाचले असते.

लेथवाला:
आता माझ्यावर आलंच आहे तर सांगतो. फौंड्री माझी नाही, पण कास्टिंग मीच घेतो, त्यामुळं हात झटकता येत नाहीत. जळकी वाळू उचलायला एकाला ठेका दिलाय. तो कुठं टाकतो हे आजवर विचारलं नव्हतं. परवा ओढ्याकडं गेलो होतो. काळी वाळू दिसली. कुणाची ते वाळूवर लिहिलेलं नसतं, पण माझी त्यात नाही असं छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

ग्राइंडरचं पण. फेटलिंग, म्हणजे कास्टिंग घासायचं काम, सेकंड शिफ्टला चालतं. दार बंद ठेवा म्हणून सांगतो. उकडतं म्हणून पोरं उघडतात. मान्य. रुमाल टाकला होता, पाय पण टाकला होता.

पण हलणार नाही. तुम्ही मधल्या पट्ट्यात झाडं मागा, ट्रेलरला जागा मागा, तिघा मालकांना एका टेबलावर बसवा, मी पहिली सही करतो. बिझनेस पार्कच्या नावाखाली शेड घालवायला निघालात तर पाया फोडायला तुम्हीच या.

हिंजवडीकर_सांगलीकर:
आणि आमच्या नोकऱ्यांचं?

लेथवाला:
व्हीएमसीला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनला, प्रोग्रामर पाहिजे. जाहिरात देऊन चार महिने झाले, एक अर्ज नाही. येता का?

हिंजवडीकर_सांगलीकर:
पगार?

लेथवाला:
मेसेज करतो. इथं सांगितला तर भावड्या पण अर्ज करेल.

तुळसवाली:
वाळूचं कबूल केलंत ते बरं केलंत. कुरडया परत येत नाहीत, पण सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, त्याला म्हणावं दार बंद कर आधी.

आणि आत्ता, रात्री साडेदहाला, एक ट्रेलर आमच्या फाटकात तिरपा लावून ड्रायव्हर गायब आहे. गोल बारनी भरलाय. मिस्टरांची सेकंड शिफ्ट सुटेल, गाडी आत कशी घ्यायची? कुणाचा आहे हा?

लेथवाला:
फाटक हिरवं आहे का?

तुळसवाली:
हो.

लेथवाला:
माझाच आहे. आलो.

भावड्या_कवलापूर:
विमानानं आणला असता तर फाटकात बसलाच नसता.