मदत हवी आहे: इंग्रजीतलं हे 'ले' नेमकं कुठलं?

नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे. काल तिने लिहिलं, 'द डॉग लेड ऑन द मॅट'. बाईंनी 'लेड'भोवती लाल गोल करून वर 'ले' लिहिलं. ती रडवेलीच झाली, कारण तिच्या मते 'ले' म्हणजे वर्तमानकाळ, कोंबडी अंडं घालते तिथला!

मला एवढं कळतं: स्वतः आडवं होणं म्हणजे लाय, ले, लेन. काही ठेवणं किंवा घालणं म्हणजे ले, लेड, लेड. (खोटं बोलण्याचं लाय वेगळंच, त्याचं लाइड होतं.) म्हणजे एकाचा भूतकाळ तोच दुसऱ्याचा वर्तमानकाळ. आपल्या 'पडणे-पाडणे'त असा घोळ होत नाही.

वाक्यात कर्म आहे का ते बघायचं, एवढी खूण पुरेल का? शिकवणाऱ्यांनी कृपया सोपी युक्ती सांगा, सोमवारी तिची चाचणी आहे.