कॉर्पस वाढवून मागायचा की नाही?

जोगळेकर काका (ए-3): सुप्रभात मंडळी 🙏 पैशाने गादी मिळते, झोप नाही. पैशाने औषध मिळतं, आरोग्य नाही. पैशाने घर मिळतं, घरपण नाही. विचार करा.

खजिनदार (ए-11): सुप्रभात काका. पैशाने पाण्याचा टँकरही मिळतो, आणि मे महिन्यातल्या टँकरचे पैसे अजून काही जणांकडून यायचेत. नावं टाकत नाही, ज्याचं त्याला ठाऊक.

जोगळेकर काका (ए-3): माझे भरलेत हो.

सेक्रेटरी (बी-2): विषय निघालाच आहे तर रविवारच्या एसजीएमआधी (विशेष सर्वसाधारण सभेआधी) एकेकाने मत टाका. आपली इमारत पाडून नवीन बांधायला बिल्डरची ऑफर: प्रत्येक फ्लॅटला 10 लाख कॉर्पस (म्हणजे एकरकमी रोख), 25 टक्के जादा कार्पेट (घराच्या आतली जागा), भाडं आणि शिफ्टिंग वेगळं. हो म्हणायचं की कॉर्पस ताणायचा?

शिंदे वहिनी (बी-9): ताणायचा. मागच्या गल्लीतल्या सोसायटीला 14 मिळालेत.

अनिकेत (ए-8): वहिनी, 10 चा आकडा आला त्या दिवशी तुम्हीच ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला होता 😀

शिंदे वहिनी (बी-9): तेव्हा 14 चं कुठे माहीत होतं!

अनिकेत (ए-8): तेच म्हणतोय. 1998 चा एक अभ्यास आहे. हार्वर्डमधल्या विद्यार्थ्यांना आणि कर्मचाऱ्यांना विचारलं, तुम्हाला वर्षाला 50 हजार डॉलर आणि बाकीच्यांना 25 हजार, की तुम्हाला 1 लाख आणि बाकीच्यांना 2 लाख? बाजारभाव दोन्हीकडे तेच. निम्म्यांच्या आसपास लोकांनी 50 हजार घेतले. स्वतःला कमी चालेल, शेजाऱ्याला जास्त नको.

खजिनदार (ए-11): हे कळायला पुण्यात हार्वर्ड लागत नाही.

नाना (बी-6): 14 वाल्यांना कार्पेट किती जादा मिळालं तेही विचारा. माझा साडू तिथेच राहतो. 15 टक्के. परवा जेवायला आला होता, अख्खं जेवण आपल्या 25 टक्क्यांवर जळण्यात गेलं. श्रीखंडसुद्धा नीट खाल्लं नाही.

शिंदे वहिनी (बी-9): असं होय! मग ठीक आहे 😄

जोगळेकर काका (ए-3): म्हणूनच सकाळचा मेसेज टाकला होता. नोबेलवाल्या शास्त्रज्ञाने सिद्ध केलंय, 75 हजारांच्या वर पैसा वाढला तरी सुख वाढत नाही.

खजिनदार (ए-11): म्हणजे माझ्या पेन्शनला अजून बराच वाव आहे.

अनिकेत (ए-8): काका, रुपये नाहीत, डॉलर. आणि वर्षाचे, अख्ख्या घराचे. 2010 चा कानेमन आणि डीटन यांचा अभ्यास. तेव्हाच्या भावाने 34 लाखांच्या आसपास. शिवाय त्यातही अर्धीच गोष्ट फॉरवर्ड होते. रोजचा मूड तिथे थांबतो एवढंच ते म्हणाले होते. "माझं आयुष्य कसं चाललंय" याला लोक देत असलेले गुण पुढेही वाढतच होते. मग 2021 मध्ये किलिंग्सवर्थ नावाच्या संशोधकाने लोकांना फोनवर दिवसातून अधूनमधून "आत्ता कसं वाटतंय" विचारलं, तर मूडही थांबेना. शेवटी 2023 मध्ये तो आणि कानेमन एकत्र बसले आणि तोच डेटा पुन्हा चाळला. बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढतच जातं. जे आधीच सगळ्यात दुःखी असतात, साधारण 15 ते 20 टक्के, त्यांचं मात्र 1 लाख डॉलरच्या आसपास अडतं. त्यांचं दुखणं पैशाने जाणारं नसतं.

नाना (बी-6): हे एवढं लांब वाचायला चष्मा बदलावा लागेल. थोडक्यात, काकांचा फॉरवर्ड जुना झाला.

बी-12 (न्यू जर्सी): इकडे आता रात्र आहे, सगळं वाचलं. मी इथून सांगतो, पैसा म्हणजे सर्वस्व नाही. 10 मिळो नाहीतर 14, आपण माणसं जपू या. कॉर्पससाठी घासाघीस नको.

खजिनदार (ए-11): डॉलरमध्ये पगार घेणाऱ्याने हे सांगायला काही हरकत नाही. तुमचा फ्लॅट भाड्याने आहे, जिने भाडेकरू चढतो.

सेक्रेटरी (बी-2): वैयक्तिक नको कृपया 🙏

देशमुख काकू (ए-12): मी सहसा लिहीत नाही. आज लिहिते. माझं घर तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवलीय, तिचा पाय नाड्याने कठड्याला बांधलाय, कारण आधीची कुणीतरी भंगारवाल्याला दिली. येताना भाजीची पिशवी कठड्याच्या खिळ्याला अडकवते, गुडघा चोळते, मग उरलेल्या पायऱ्या. ऊठबस नको म्हणून भिशी सोडली. आता भाजीसुद्धा दोन-दोन दिवसांची एकदम आणते. मैत्रिणी म्हणतात खाली ये, गप्पा मारू. खाली येणं जमतं हो, वर जाणं नडतं. तुम्ही सगळे सुखाबद्दल छान बोलताय. माझं सुख साडेतीन फूट बाय साडेचार फुटांचं आहे, त्याला दार आहे आणि ते विजेवर चालतं. आणि ते पैशानेच येतं. कॉर्पस 8 केला तरी चालेल, पण लिफ्टला जनरेटर हवा.

शिंदे वहिनी (बी-9): काकू, खुर्ची माझ्या दिराने दिली होती भंगारात. लक्षात नाही आलं हो. सॉरी 🙏

जोगळेकर काका (ए-3): काकू, मुद्दा मान्य. पण एकदा लिफ्ट आली की मग एसी, मग मोठा टीव्ही. हाव थांबत नाही, मला एवढंच म्हणायचंय.

देशमुख काकू (ए-12): थांबते का नाही ते लिफ्टमधून खाली आल्यावर सांगते.

शिंदे वहिनी (बी-9): हाव म्हणा नाहीतर काही म्हणा, मी पोळ्यांना मावशी लावल्या त्या दिवसापासून संध्याकाळी माझी लेकीवर ओरडाओरड बंद झाली. नवऱ्याने घेतलेल्या मोठ्या फ्रिजने तेवढा फरक पडला नव्हता.

अनिकेत (ए-8): यावरही आहे वहिनी 😀 व्हँकुव्हरमध्ये काही लोकांना दोन वीकेंडला 40-40 डॉलर दिले. एकदा वस्तू घ्यायची, एकदा वेळ वाचेल असं काहीतरी करायचं. वेळ वाचवला तेव्हा लोक जास्त खूश होते. 2017 चा अभ्यास.

खजिनदार (ए-11): आणि मावशींचा वेळ कोण वाचवतं? पाच घरच्या पोळ्या लाटून त्या घरी पोचतात तेव्हा त्यांच्याच घरच्या राहिलेल्या असतात. मागच्या वर्षी ग्रुपवर ठराव केला होता, सगळ्यांनी एकदम शंभर-शंभर वाढवायचे. किती जणांनी वाढवले?

(शिंदे वहिनींनी मेसेज डिलीट केला)

जाधव मामा (बी-4): मंडळी, मी मुळशीकडचा. पैसा एकदम आला की काय होतं ते मी जवळून बघितलंय. हिंजवडीला आयटी पार्क आलं, आसपासच्या जमिनींना भाव आला. आमच्या भावकीतल्या एकाने गुंठ्यागुंठ्याने विकून टाकली. बुलेट, मग स्कॉर्पिओ, गळ्यात साखळ्या, दहीहंडीला फ्लेक्स. लोक गुंठामंत्री म्हणायचे, त्यालाही ते आवडायचं. आता तो तिथल्याच एका कंपनीच्या गेटवर रजिस्टरमध्ये गाड्यांचे नंबर लिहितो. पिंपरीकडचा तो सोन्याचा शर्टवाला आठवतो ना, सव्वा कोटीचा शर्ट? 2016 मध्ये पैशाच्या भानगडीतूनच खून झाला बिचाऱ्याचा. उलट हडपसरचं मगरपट्टा बघा. शंभरावर शेतकरी कुटुंबांनी 400 एकराच्या आसपास जमीन एकत्र केली, विकली नाही. कंपनी काढली, ज्याची जमीन जेवढी तेवढे त्याचे शेअर. त्यांना पैसा बाधला नाही, कारण तो हातात न येता कामात राहिला. आमच्यात अक्कल कमी होती असं नाही हो. आमच्याकडे एकेकट्याला गाठून चेक दिले.

नाना (बी-6): मामा, एक नंबर. हेच आपल्याला लागू आहे. 10 लाख हातात आले की कुणी कार घेणार, कुणी जावयाच्या धंद्यात घालणार.

शिंदे वहिनी (बी-9): जावयाचं कुणाला उद्देशून?

नाना (बी-6): स्वतःलाच. एकदा घालून झालंय.

खजिनदार (ए-11): आता माझं ऐका. आज मेंटेनन्स 1,500 आहे. नवीन इमारतीत दोन लिफ्ट, पंप, फायरची यंत्रणा, सिक्युरिटी, सीसीटीव्ही. 6 हजारांच्या खाली येणार नाही. पेन्शनवाल्यांचं नवीन घरात सुखाचं काय होईल ते पहिल्या बिलालाच कळेल. आपले 24 फ्लॅट, 2 कोटी 40 लाख. वाटून न घेता सोसायटीच्या नावाने ठेव ठेवली तर 7 टक्क्यांनी वर्षाला 16 लाख 80 हजार. फ्लॅटमागे महिन्याला 5,800 च्या आसपास. म्हणजे मेंटेनन्स जवळजवळ फुकट.

अनिकेत (ए-8): सॉलिड. पण मला होम लोन फेडायचंय काका. हातात मिळाले असते तर बरं होतं.

नाना (बी-6): एका बँकेत सगळे नकोत. ठेवीचा विमा एका बँकेत एका ठेवीदाराला 5 लाखांचाच, एक कोटी ठेवा नाहीतर दोन कोटी. बँकेवर निर्बंध आल्यावर काउंटरवर रांगेत उभा राहिलोय मी, तेव्हा ती झोपेची आणि गादीची कविता कुणी ऐकवली असती तर हाणला असता.

जोगळेकर काका (ए-3): नाना 🙏😄

सेक्रेटरी (बी-2): ठीक. अजेंड्यावर तीन मुद्दे घेतो. एक, निम्मा कॉर्पस सोसायटीत आणि निम्मा सभासदाला, म्हणजे अनिकेतसारख्यांचीही सोय होईल. दोन, स्ट्रेचर मावेल अशी एक लिफ्ट आणि तिला जनरेटर, ऑफरमध्ये लेखी. तीन, मावशींचे शंभर रुपये. रविवारी सकाळी 10 वाजता, गच्चीवर. चहा सोसायटीतर्फे.

देशमुख काकू (ए-12): गच्चीवर कशाला हो? पार्किंगमध्ये घ्या.

सेक्रेटरी (बी-2): अरे हो. पार्किंगमध्ये. ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी शनिवारी रात्रीच बाहेर लावाव्यात.