गोदावरीची मासळी : उद्दिष्ट बोटुकलीचे की नदीचे?

गोदाकाठकर : काल येथे एका सदस्यांनी लिहिले की, डोह, काठ आणि प्रवाह सुधारणे हे पर्यावरणवाल्यांचे काम असून मत्स्यव्यवसायाने बोटुकली (बोटभर वाढवलेले मत्स्यबीज) सोडावी आणि उत्पादन मोजावे. हे वाचून राहवले नाही. कटला, रोहू, मृगळ पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात, धरणाच्या साचलेल्या पाण्यात सहसा नाही; म्हणूनच दरवर्षी बीज विकत आणावे लागते. ‘किती बोटुकली सोडली’ याऐवजी ‘नदीत किती पिल्ले आपोआप वाढली’ हे मोजू लागलो, तर पावसाळ्यात पाणी कधी सोडायचे आणि वाळू कोठून उपसू द्यायची नाही, हे मत्स्यव्यवसायाचेच प्रश्न ठरतात.

तलाव ठेकेदार : वाचायला छान आहे. ठेक्याची रक्कम मात्र दरवर्षी भरावी लागते. नदी सुधारेपर्यंत मच्छीमार संस्थेच्या सभासदांनी काय खावे? ज्या वर्षी आम्ही बीज सोडले नाही, त्या वर्षी जाळ्यात चिलापीखेरीज (तिलापिया) काही आले नाही.

नांदूरचा शेतकरी : चिलापी राहू द्या, गाळाचे बोला. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यामागे गोदावरी आणि कादवा नद्यांचा गाळ साचून डोह बुजले. 2020 मध्ये रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा जाहीर झाल्यापासून तर गाळ काढा म्हटले की पक्षी आडवे येतात. माशांना वाली कोण?

पक्षीनिरीक्षक : पक्षी नव्हे, अज्ञान आडवे येते. उथळ, पाणवनस्पतींच्या काठांवरच माशांची पिल्ले दडतात आणि वाढतात. सरसकट गाळ उपसलात, तर पक्ष्यांबरोबर मासळीचा पाळणाही जाईल.

नांदूरचा शेतकरी : अज्ञान? माझे बालपण जाळ्यापाशी गेले, दुर्बिणीपाशी नव्हे. उन्हाळ्यात पाणी उतरले की आपल्या त्याच पाळण्यात बोटभर मासळी चिखलात तडफडते आणि बगळ्यांची पंगत बसते. डोह असते, तर ती तेथे तगली असती.

पक्षीनिरीक्षक : मग दोष गाळाइतकाच कालव्यात पाणी सोडण्याच्या आवर्तनाचाही आहे, कारण पाणी एकदम उतरवले जाते. निवडक डोह मोकळे करण्यास माझा विरोध नाही. आपण ‘निवडक’ हा शब्द कधी उच्चारत नाही, एवढीच तक्रार आहे.

गोदाकाठकर : मूळ मुद्दा हाच होता. किमान किती पाणी ठेवायचे, हे मासळीच्या गरजेवरूनही ठरले पाहिजे.

तलाव ठेकेदार : उत्तम. धरणाचे पाणी कोणाला किती हे ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ऊस आणि पिण्याचे पाणी यांच्यानंतर मासळीलाही एक खुर्ची मिळवून द्या. ती मिळाली, तर बीज कमी सोडण्याचा विचार करू. तोवर या पावसाळ्याची बोटुकली मी नोंदवून ठेवली आहे.