डिमेन्शिया : घरच्या मदतीसाठी सरकारी निधी नाकारला, फेरपाहणीची तयारी कशी करू?

निशिगंध
आईचं वय ७८. डिमेन्शियाचं निदान होऊन दोन वर्षं झाली. घरी रोज काही तास मदतनीस मिळावी म्हणून सरकारी योजनेत अर्ज केला होता. पाहणीला बाई आल्या आणि आई त्यांच्याशी इतकं छान बोलली की मीच खोटी पडले. "आंघोळ स्वतः करता?" "हो, रोज." "औषधं?" "वेळच्या वेळी." तारीखही बरोबर सांगितली, वर्तमानपत्र समोरच होतं. त्या गेल्यावर पंधरा मिनिटांत मला विचारते, "तू कुणाची गं?"

अर्ज नामंजूर. शेरा : 'दैनंदिन व्यवहारात स्वावलंबी'. फेरपाहणी तीन आठवड्यांनी आहे. नोकरी मी आधीच अर्धवेळ केली आहे, रात्रीची झोप तर गेलीच. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

पायवाट
ताई, सासऱ्यांच्या वेळी आमचंही अगदी हेच झालं. परक्या माणसासमोर ही माणसं सगळं बळ एकवटून बसतात. त्यात लबाडी नसते हो, उरलीसुरली अब्रू सांभाळायची धडपड असते. म्हणून आईसमोर तिचं बोलणं खोडू नका. पाहणीच्या आधी फोन करून 'दहा मिनिटं वेगळं बोलायचंय' म्हणून सांगून ठेवा. आम्ही विचारलं तेव्हा लगेच हो म्हणाले.

आणि आजपासून वही घाला. 'आंघोळीला मदत लागते' एवढं लिहून भागत नाही. आमच्या वहीतली एक नोंद देतो : "पाणी काढून दिलं. दोनदा आत नेलं, दोनदा बाहेर आले. कपड्यांसकट पाण्याखाली उभे. साबण हातात दिला, आता हात, आता पाठ असं सांगत राहिलो. टॉवेलला घाबरले. ४० मिनिटं." याला आंघोळ करणं म्हणत नाहीत, करवून घेणं म्हणतात. अर्जात सगळीकडे हा फरक दिसला पाहिजे. औषध घेते की घेववता? जेवते की समोर बसून एकेक घास सुचवता?

रात्रीसाठी वेगळं पान ठेवा. किती वाजता उठली, दाराची कडी काढली का, पुन्हा झोपायला किती वेळ लागला. ब्रिटनमध्ये अटेंडन्स अलाउन्स म्हणून भत्ता आहे, तो उत्पन्न न पाहता देतात. दिवसा किंवा रात्री, एकाच वेळी गरज असेल तर खालचा दर, दोन्ही वेळी असेल तर वरचा. तिथे नुसती देखरेखही धरली जाते. तुमच्या योजनेत देखरेखीचा रकाना आहे का ते नीट पाहा. असेल तर तोच सगळ्यात सविस्तर भरा.

कोरा_कागद
वरचं सगळं पटलं. मी याच क्षेत्रात काम करते म्हणून थोडी भर घालते. नकार येतो त्यात चूक तुमची नसते, बऱ्याचदा मोजपट्टीच चुकीची असते. जर्मनीत दीर्घकालीन देखभालीचा सक्तीचा विमा १९९५ पासून आहे. पण कितीतरी वर्षं तिथेही भर शारीरिक मदतीला लागणाऱ्या मिनिटांवर होता. हातपाय धड, पण चूल पेटती ठेवून निघून जाणारा माणूस त्या हिशोबात बसतच नसे. २०१७ साली तीन पायऱ्यांच्या जागी पाच श्रेणी आल्या आणि विसरणं, भ्रम, रात्रीची अस्वस्थता यांनाही गुण मिळू लागले. जपानमध्ये २००० सालापासून असा विमा आहे. चाळिशीपासून हप्ता भरतात. पाहणीला येणारा ७४ मुद्दे तपासतो, शिवाय डॉक्टरचं मत लागतं, आणि मग एकूण सात पातळ्यांपैकी एक ठरते.

डॉक्टरच्या मतावरून आठवलं. प्रमाणपत्रात नुसतं 'डिमेन्शिया' नको. 'एकटं सोडणं सुरक्षित नाही' हे खरं असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट लिहायला सांगा. दर वेळी तपासणीच्या खोलीतही आई छानच बोलत असणार, म्हणून वही त्यांनाही दाखवा.

सांजवेळ
एक वेगळा मुद्दा. सगळे मदतनीस मागतात, विसावा कुणी मागत नाही. कितीतरी योजनांत दिवसभराचं केंद्र किंवा काही दिवसांची तात्पुरती निवासी देखभाल असते, घरच्या माणसाला उसंत मिळावी म्हणून. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. मी नवऱ्यासाठी चार वर्षं विचारलंच नाही, आणि शेवटी माझीच पाठ गेली.

आपण घरी करतो त्याला मोल नाही असं वाटतं ना? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये डिमेन्शियाचा जगभरचा खर्च १.३ लाख कोटी डॉलर होता. त्यातला जवळजवळ निम्मा म्हणजे घरच्यांनी बिनपगारी केलेल्या देखभालीची किंमत. हे तास बहुतांशी बायकांचेच. ताई, अर्जात स्वतःबद्दलही लिहा : अर्धवेळ नोकरी, झोप, सगळं. संकोच करू नका.

निशिगंध
खूप खूप आभार. काल रात्रीपासून वही सुरू केली. २.१० ला उठली, कपाटातले सगळे कपडे पलंगावर काढले, "गाडी चुकेल" म्हणत होती. ३.२५ ला झोपली. लिहिताना रडू आलं, पण लिहिलं.

एक शंका : बँकेचं आणि अर्जावरच्या सह्यांचं काय करता? आई अजून सही करते.

कोरा_कागद
सही करते आणि कशावर करतेय ते तिला कळतंय, तोवरच मुखत्यारपत्राचं बघा, फेरपाहणीची वाट पाहू नका. काही देशांत साधं मुखत्यारपत्र समज गेली की निकामी होतं, पुढेही चालेल असं वेगळं करावं लागतं. वकिलांना नेमकं हेच विचारा. आणि मुखत्यारपत्राच्या सहीच्या दिवशी आईला सकाळची वेळ द्या, तिचं डोकं जेव्हा जास्त शांत असतं ती.